काचेजवळची जागा आणि चौदा पानांचं झाड

आमची कचेरी जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेली, तेव्हा वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की आपला स्वभाव काही तितकासा चांगला नाही. बायको म्हणते, तिला हे पूर्वीपासून माहीत होतं. पण बायकोचं मत हा पुरावा धरता येत नाही. निदान आमच्या खात्यात तरी धरत नाहीत.

आमचं खातं नुकसानभरपाईचं. विमा उतरवलेल्या माणसाचं काही जळलं, भिजलं, मोडलं किंवा उंदरानं कुरतडलं, की त्याचे कागद आमच्याकडे येतात आणि ते नुकसान खरंच झालंय का, अशी शंका आम्ही घेतो. मी सव्वीस वर्षं शंका घेतोय. एका गृहस्थांनी पोपटानं फाडलेल्या गादीसाठी केलेला अर्जसुद्धा मी पाहिलाय. पण फार उजेडामुळे कुणाचं नुकसान झालं, असा कागद माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. आला असता तर मी हसून नामंजूर केला असता. असो.

जुन्या इमारतीत उजेड हा विषयच नव्हता. बारा टेबलं आणि सगळ्यांना सारखाच अंधार. त्यामुळे कुणाला कुणाचा हेवा वाटायचं कारण नव्हतं. नव्या इमारतीत आमच्या वाट्याला तिसरा मजला आला आणि त्याची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची निघाली. त्या काचेला लागून फक्त एक टेबल बसत होतं. बसण्याचा नकाशा तयार करायचं काम आमच्या अधीक्षक मॅडमनी टायवाल्यांना दिलं होतं, कारण त्यांना कॉम्प्युटरवर चौकोन काढता येतात.

टायवाले म्हणजे आमच्या खात्यात नऊ वर्षांपूर्वी आलेले, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान असलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. आमच्याकडे टाय लावावा असा नियम नाही. हे लावतात. नकाशा भिंतीवर लागला तेव्हा काचेजवळच्या चौकोनात त्यांचं नाव होतं. माझं नाव होतं खांबामागे, कपाटांना आणि चहाच्या खोलीला लागून.

"काय दादा, जागा आवडली ना?" त्यांनी वर विचारलंसुद्धा.

"उत्तम," मी म्हणालो. त्या एका शब्दासाठी मला जेवढे कष्ट पडले, तेवढे पोपटाच्या गादीच्या अर्जालाही पडले नव्हते.

थंडीचे दिवस होते. दुपार झाली की कोवळं पिवळं ऊन आत यायचं आणि बरोबर टायवाल्यांच्या टेबलावर पडायचं. खांबामागून मला ते पूर्ण दिसत नसत. फक्त त्यांचं डावं कोपर दिसायचं. ते कोपर उन्हात न्हाऊन निघालेलं असायचं. माणसाच्या कोपराचा कुणाला हेवा वाटू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मी सकाळी यायचो, फाईल उघडायचो आणि कोपराकडे बघत बसायचो. सव्वीस वर्षं इथे घालवली ती मी, आणि ऊन खातंय ते नऊ वर्षांचं कोपर!

"तुम्हाला खिडकी हवीय कशाला?" बायकोनं विचारलं. "घरी रविवारी दिवसासुद्धा पडदे ओढून झोपता."

"प्रश्न खिडकीचा नाही, तत्त्वाचा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे टायवाल्यांचा," ती म्हणाली.

मी अर्ज करायचं ठरवलं. प्रशासन विभागातल्या बाईंनी सांगितलं की जागा बदलण्याचा अर्जच नसतो. खुर्ची बदलण्याचा असतो. म्हटलं तोच द्या. बारा दिवसांनी पान्हे घेऊन एक माणूस आला. त्यानं मला उठवलं, माझ्या खुर्चीवर बसला, पुढेमागे झुलला आणि कागदावर शेरा मारून गेला : 'खुर्ची सुस्थितीत. तक्रार निराधार.' खुर्चीला पाठीशी चांगला आधार होता, निराधार ठरलो तो मी.

मग शेजाऱ्यांनी सल्ला दिला की आजाराचं कारण द्या, आजारापुढे कुणाचं चालत नाही. आम्ही राहतो त्या इमारतीत तळमजल्यावर एक डॉक्टर आहेत. त्यांनी माझे डोळे तपासले, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाले, "तुम्हाला सगळं व्यवस्थित दिसतंय."

"तेच तर दुखणं आहे," मी म्हणालो. "खांबामागूनसुद्धा दिसतंय."

त्यांना काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यांनी चिठ्ठी लिहून दिली : 'यांना भरपूर नैसर्गिक प्रकाशाची नितांत आवश्यकता आहे.' ही चिठ्ठी जोडून मी नवा अर्ज केला. तो चार टेबलं फिरला, दोनदा हरवला, एकदा दुसऱ्याच कुणाच्या प्रसूतिरजेच्या अर्जाला टाचलेला सापडला, आणि अखेर चार महिन्यांनी मंजूर होऊन आला. 'अर्जदारास काचेलगतची जागा देण्यात यावी. ही व्यवस्था तीन वर्षे कायम राहील.'

चार महिन्यांत थंडी केव्हाच सरली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. हेव्याला ऋतू नसतात.

टायवाल्यांनी आदेश वाचला आणि लगेच टेबल रिकामं करायला घेतलं. भांडण नाही, कुरकुर नाही. उलट माझ्या फाईलींचे गठ्ठे स्वतः उचलून आणून दिले. "दादा, तुम्हाला खरंच इथे बसायचंय?" त्यांनी हळूच विचारलं. मला वाटलं, पोटात दुखतंय बेट्याच्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांना बिस्किट दिलं.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण खांबाजवळ, पाण्याच्या यंत्राशेजारी, कुंडीत एक रबराचं झाड होतं. मॅडम टायपिस्ट म्हणून लागल्या त्या वर्षी त्यांनी ते लावलं होतं. एकोणीस वर्षं ते जुन्या इमारतीच्या अंधारात जगलं आणि नव्या इमारतीत खांबामागच्या सावलीत आलं. मी चार महिने त्याच्या शेजारी बसलो होतो, पण त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. जागा बदलून होईपर्यंत संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी मान वळवून पाहतो तर टायवाले ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसत होते, आणि दोन टायपिस्ट मुली कौतुकानं बघत होत्या. "किती छान चकाकतंय हो!"

माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. माझं झाड! चार महिने माझ्या शेजारी होतं ते!

मॅडम त्याच सकाळी तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मी उठलो, कुंडीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि फरपटत ती काचेपाशी नेली.

"दादा, त्याला सावलीची सवय आहे," टायवाले मागून म्हणाले.

"झाडाला उजेड लागतो," मी म्हणालो. "हे चौथीच्या पुस्तकात आहे."

त्याच दुपारी दोन वाजता ऊन आलं.

हे ते कोवळं, पिवळं, कोपराला लागणारं ऊन नव्हतं. हे पांढरं होतं. ते काचेतून आत आलं आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसलं ते सहा वाजेपर्यंत हललं नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मला एकही अक्षर दिसेना. दिसत होता तो फक्त माझाच घाम आलेला चेहरा. टाचणयंत्राला हात लावला तर चटका बसला. डिंकाची बाटली दगडासारखी घट्ट झाली. चार दिवसांत माझा उजवा कान लालभडक झाला आणि डावा होता तसाच राहिला. "एकाच कानाला लाज वाटतेय वाटतं?" आमचे भांडारपाल म्हणाले. हे गृहस्थ कचेरीतल्या सगळ्या वस्तूंचा हिशेब ठेवतात आणि उरलेल्या वेळात असले विनोद करतात.

आणि तिकडे खांबामागे? खांबामागे, हे मला तेव्हाच कळलं, थंड हवेच्या यंत्राचं तोंड बरोबर त्या टेबलावर उघडतं. टायवाले तिथे अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून बसले होते. चहाची गाडी चहाच्या खोलीतून निघते ती आधी त्या टेबलापाशी थांबते. चार महिने मला वाफाळता चहा सगळ्यांच्या आधी मिळत होता आणि मी समजत होतो की चहा हा गरमच असतो. आता तो माझ्यापर्यंत शेवटी आणि गारढोण पोचायचा. उन्हात पाच मिनिटं ठेवला की परत तापायचा, एवढाच काय तो जागेचा फायदा.

म्हणजे ज्या जागेतून सुटायला मी चार महिने झिजलो, त्याच जागेचा मला हेवा वाटू लागला. आणि हा हेवा असा की कुणापाशी बोलायची सोय नाही. पूर्वीचा निदान बायकोला तरी सांगता येत होता.

मी प्रशासनाकडे पडदा मागितला. उत्तर आलं : 'काचेचे दर्शनी सौंदर्य बाधित होत असल्याने पडदा लावता येणार नाही.' मी वर्तमानपत्रं चिकटवली. पहारेकरी वर आला आणि माझ्यादेखत ती सोलून घेऊन गेला, वर बसून वाचलीही. मग सल्ले सुरू झाले. एकानं सांगितलं गॉगल घाला. घातला, तर एक अर्जदार बाई म्हणाल्या, "मला जरा दिसणाऱ्या साहेबांकडे पाठवा." दुसऱ्यानं सांगितलं छत्री उघडा. उघडली, तर ती पंख्यानं उडून भांडारपालांच्या चहात पडली. बायकोनं तोंडाला लावायला पांढरं मलम दिलं. ते लावून बसलो असताना ज्यांचं दुकान जळालं होतं ते गृहस्थ आले, माझ्याकडे पाहून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुमचंही जळालं का?"

मी जागा परत बदलून मागणार होतो. पण माझ्याच अर्जाला जोडलेली डॉक्टरांची चिठ्ठी आडवी आली. प्रशासनातल्या बाई म्हणाल्या, "नितांत आवश्यकता लिहिलंय. आम्ही तुम्हाला सावलीत बसवलं आणि काही झालं तर?" टायवाल्यांनी अर्ज केला असता तर जमलं असतं, पण त्यांच्याकडे जाऊन बोलणार कोण? मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "वा! काय सुरेख ऊन आलंय!" म्हणजे त्यांना हेवा वाटेल. ते स्वेटरची बटणं लावत मान डोलवायचे.

सहाव्या दिवशी फाईलीवर धप्पकन काहीतरी पडलं. झाडाचं पान होतं.

मी पहिल्यांदा नीट पाहिलं. काचेकडच्या पानांवर पांढुरके, भाजल्यासारखे डाग पडले होते. दोन पानं तर मधोमध करडी झाली होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन. मॅडमना यायला अकरा दिवस होते.

भांडारपाल वही घेऊन आले. झाड कचेरीच्या मालकीचं असल्यानं ते जडसंग्रहाच्या नोंदवहीत होतं : 'अनुक्रमांक एक्केचाळीस. झाड, रबर, एक. पाने चौदा.' स्थलांतराच्या वेळी त्यांनी स्वतः मोजून लिहिलं होतं.

"चार पानं गहाळ आहेत. कारणासह लेखी द्या," ते म्हणाले.

मी लेखी दिलं : 'अनुक्रमांक एक्केचाळीसची चार पाने गळाली आहेत.' त्यांच्या वरिष्ठांनी ते वाचलं आणि नोंदवहीची पानं गळाली असं समजून दुपारभर सगळी वही पुढून मागून मोजून काढली. संध्याकाळी मला खुलासा मागितला : 'नोंदवहीची पाने पूर्ण आहेत. खोटी माहिती का दिली?' मी पडलेलं पान जोडून उत्तर पाठवलं. त्यावर ते पान आवक म्हणून नोंदलं गेलं.

बायको म्हणाली, "आत्याकडे जा." तिची आत्या कॉलेजात बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांना फार घाबरतो, कारण त्या प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. मी एक भाजलेलं पान दाव्याच्या लांब पाकिटात घालून त्यांच्याकडे गेलो.

आत्याबाईंनी पान उजेडाकडे धरलं. "जावईबापू, हे कुठे होतं आधी?"

"सावलीत."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"आणि तुम्ही एका दिवसात काचेला लावलंत." त्यांनी चष्मा काढला. "जन्मभर तळघरात बसलेल्या माणसाला भर उन्हात उभं करून म्हणायचं, खा बाबा, उजेड पौष्टिक असतो."

"झाडाला उजेड लागतोच ना पण?"

"लागतो. तुम्हाला जेवण लागतं. शंभर पोळ्या वाढू?" त्या म्हणाल्या. "पान उजेडावर जगतं, पण पचेल तेवढ्यावरच. पचत नाही तो उजेड आत राहिला की पानाचंच यंत्र मोडतो. म्हणून झाडांनी नाना उपाय केलेत. जास्तीचा उजेड पान उष्णता करून बाहेर सोडून देतं. काही पानं उन्हात कड वर करून उभी राहतात, म्हणजे अंगावर कमी पडतं. कुणाच्या अंगावर लव असते, कुणावर मेणाचा थर. आणि पानाच्या आत ते हिरवे कण असतात ना, ते ऊन वाढलं की सरकतात. मधलं अंगण सोडून भिंतीला जाऊन एकामागे एक उभे राहतात."

"साहेब आल्यावर आमच्याकडे करतात तसं," मी म्हणालो.

"अगदी तसं. आणि इतकं करूनही रोज थोडी मोडतोड होतेच. ती झाड रोजच्या रोज दुरुस्त करतं."

"अर्ज न करता?"

आत्याबाई हसल्या नाहीत. "पण ही सगळी तयारी उन्हात वाढलेल्या पानाची. तुमचं हे पान सावलीत घडलेलं. मोठं, पातळ, मिळेल तेवढा उजेड ओरबाडून घेणारं. त्याच्याकडे बचावाचं सामान पुरेसं नाहीच. ते सुधारणार नाही. नवीन पान येईल ते शहाणं येईल."

"मग आता परत सावलीत ठेवू?"

"आता सारखं नाचवू नका. दुपारी पातळ पांढरं कापड धरा, माती वाळू देऊ नका, आणि शेंड्याला लाल टोक फुटतं का बघा. कोवळ्या पानाला ऊन पेलवत नाही म्हणून ते पुष्कळदा लाल रंगाची छत्री घेऊनच येतं. त्याला हात लावायचा नाही."

मी उठलो. दारापाशी त्यांनी थांबवलं. माझ्या कानाकडे निरखून पाहत म्हणाल्या, "जावईबापू, झाडाला पाय नाहीत म्हणून त्याला एवढं सगळं करावं लागतं. तुम्हाला आहेत. तुम्ही का बसलाय तिथे?"

त्या उत्तर येईपर्यंत थांबतात, हे मी सांगितलंच. मी चपला हातात घेऊन जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत कापड बांधावं म्हणून मी तासभर लवकर कचेरीत गेलो. काचेपाशी कुणीतरी वाकलेलं होतं. टायवाले! कुंडीत पेल्यानं पाणी घालत होते. टाय मातीत जाऊ नये म्हणून त्यांनी तो खांद्यावरून पाठीमागे टाकला होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं. चोर सापडल्याचा आनंद झाला मला.

ते दचकले. "दादा, रागावू नका. रोज सकाळी थोडं पाणी घालतो. कुंडी जरा वळवून ठेवतो, म्हणजे एकाच बाजूला भाजायला नको. तुम्ही नंतर ती परत सरळ करता."

मी करत होतो. मला वाटायचं, झाडलोट करणाऱ्या बाई हलवतात.

"तुम्हाला एवढं कळतं तर आधी ही जागा घेतलीतच कशाला?"

टायवाले घुटमळले. "माझं घर पश्चिमेच्या उन्हाचं आहे दादा. उन्हाळ्यात ही काच किती तापणार ते मला नकाशा काढतानाच कळलं होतं. म्हटलं कुणालातरी बसावं लागणारच, आपण बसू. खांबामागची जागा सगळ्यात थंड, चहाही पहिला मिळतो. तुम्ही सगळ्यांत सीनियर. म्हणून ती तुमच्यासाठी ठेवली होती."

मी पिशवीतून चादर बाहेर काढली. एवढा वेळ मला त्यांच्या जागेचा हेवा वाटत होता, मग थंडाव्याचा, चहाचा, स्वेटरचा. ते सगळं परवडलं. आता त्यांच्या चांगुलपणाचा वाटू लागला, आणि त्यासाठी अर्ज करायची काही सोयच नव्हती.

"कापडाचं ते टोक धरा," मी शेवटी म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून आमच्या घरची जुनी पांढरी चादर फाडून झाडापुढे बांधली. पहारेकरी सोलायला आला तेव्हा टायवाले त्याच्याशी इतकं नम्रपणे बोलले की तो उलट दोरी घेऊन आला. हे मला सव्वीस वर्षांत जमलेलं नाही. तरी पानं गळत राहिली. मॅडम यायच्या आधीच्या शुक्रवारी उरली होती पाच. पण शेंड्याला, मधोमध, तांबडं लाल, मिरचीएवढं टोक फुटलं होतं. मी ते दिवसातून वीसदा पाहायचो. हात लावला नाही. शपथेवर सांगतो.

सोमवारी मॅडम आल्या. पर्स टेबलावर ठेवली आणि थेट खांबामागे गेल्या. तिथे झाड नाही म्हटल्यावर वळून पाहिलं. चादरीशेजारी उभ्या असलेल्या त्या पाच पानांकडे त्या चालत आल्या. भांडारपाल वही छातीशी धरून उभे होते.

मॅडमनी पानं मोजली. "एकोणीस वर्षं," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि मला माझ्या दोन्ही कानांत ऊन जाणवलं.

"हे कुणी हलवलं?"

मी तोंड उघडणार, इतक्यात टायवाले पुढे आले. "मॅडम, चूक माझी. मीच पाहायला हवं होतं. खरं म्हणजे मीच ते—"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ताठ मान, सरळ टाय, डोळ्यांत शांत भाव. टायपिस्ट मुली त्यांच्याकडे अशा बघत होत्या की जणू ते पुरात उडी टाकतायत. जागा त्यांची, चहा त्यांचा, चांगुलपणा त्यांचा, आणि आता अपराधसुद्धा तेच घेऊन जाणार! हे मात्र मला सोसण्यापलीकडचं होतं.

"साफ खोटं!" मी ओरडलो. "मी हलवलं! एकट्यानं! यांचा कुंडीला हातही लागलेला नाही! यांनी तर मला अडवलं होतं! हे रोज पाणी घालत होते! सगळं वाटोळं मी केलंय, मॅडम, यांचा काहीएक संबंध नाही!"

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, सव्वीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा खरं बोललात, तेही जळफळून. ते असू दे. पण बोलून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं. टायवाले माझ्याकडे बघतच राहिले.

मॅडमनी चादर जरा बाजूला सारली. मग त्यांची नजर शेंड्याकडे गेली. त्या वाकल्या. बोट जवळ नेलं, पण लावलं नाही.

"हे कधी आलं?"

"आठ दिवस झाले," मी आणि टायवाले एकदमच म्हणालो. त्याचंही मला वाईट वाटलं.

"जुन्या जागेत सहा वर्षांत एक पान नव्हतं फुटलं," मॅडम म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या आणि अधीक्षक झाल्या. "मारता मारता राहिलात. झाड आता इथेच राहील. आणि पाणी मी एकाच्या हाती देणार नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार तुम्ही घालायचं. मंगळवार, गुरुवार टायवाले."

त्यांनी पडद्यासाठी अर्ज केला. 'जडसंग्रहातील वस्तूच्या संरक्षणार्थ' असं कारण दिलं, आणि पडदा दोन दिवसांत मंजूर होऊन आला. पातळ, पांढरा, उत्तम प्रतीचा. मी सव्वीस वर्षं नोकरीत असलो तरी जडसंग्रहात नाही, त्यामुळे माझ्यासाठी तो मिळाला नव्हता. झाडाच्या पडद्याची जी कडेची सावली पडते, तीत खुर्ची सरकवून मी हल्ली बसतो. टायवाल्यांनी जागा बदलून घ्यायची तयारी दाखवली होती. मी नाही म्हणालो. त्यांचे माझ्यावर आधीच पुष्कळ उपकार झालेत. आणखी एक झाला तर मी आजारी पडेन.

एक गोष्ट मात्र मॅडमच्या वाटणीत मला फार आवडली. तीन वार माझे, दोन त्यांचे. तीन विरुद्ध दोन! मी ते घरी कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलं. माझ्या वारी मी पाणी मोजून घालायचो, कुंडी बोटभर वळवायचो आणि लाल टोकापुढे उभा राहून मनात म्हणायचो, आज उघड. ते टोक दिवसादिवसानं लांबत होतं, आधी बोटाएवढं, मग पेन्सिलीएवढं. एका शुक्रवारी त्याला चीर पडली. मी शनिवारी सुटी असूनही कचेरीत गेलो. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. सोमवारी मी साडेआठपासून उभा होतो. चीर रुंदावली होती, आत काहीतरी गुंडाळलेलं चमकत होतं. सहापर्यंत थांबलो. उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत बस बंद पडली आणि मला पोचायला दहा वाजून गेले. काचेपाशी गर्दी होती. मॅडम होत्या, टायपिस्ट मुली होत्या, भांडारपाल वहीत नवीन नोंद करत होते. मधोमध टायवाले, हातात पाण्याचा पेला. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"दादा, या, या लवकर! बघा!"

लोक बाजूला झाले. जुन्या पानांहून लहान, जाड, तांबूस, तेल लावल्यासारखं तुकतुकीत पान सकाळच्या उजेडात सरळ उभं होतं. सुंदर होतं. मी नाकारत नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं माझ्या, मॅडमनी पाहिलं ते.

पण वार मंगळवार होता.